‘टँगल्ड’ : लहान मुलांना दाखवावा का?

सुट्टी लागते, पाहुणे येतात, घरात पाच-सहा लहान मुले जमतात आणि मोठ्यांच्या बैठकीतून आवाज येतो, ‘त्यांना एखादे कार्टून लावून द्या, म्हणजे गप्प बसतील.’ कार्टून लावले जाते, दार लोटले जाते आणि दोन तास आत कोणी डोकावत नाही. मारामारीचा सिनेमा असता तर कोणी ना कोणी हटकले असते. पण राजकन्या, गाणी, माणसासारखे हावभाव करणारा घोडा, यात हटकण्यासारखे काय, असे सर्वांनाच वाटते.

याउलट अशीही घरे आहेत, जिथे ‘कार्टून’ हा शब्द निघाला की विषय तिथेच संपतो. दोन्ही घरांत एक काम राहून जाते, ते म्हणजे मुलांच्या आधी आपण स्वतः सिनेमा पाहणे. या सदरातून आम्ही तेच काम करतो. या महिन्यासाठी आम्ही ‘टँगल्ड’ निवडला आहे. चित्रपट २०१० चा आहे; पण लहान मुलींच्या दप्तरावर आणि पाण्याच्या बाटलीवर लांबलचक सोनेरी वेणीची जी राजकन्या दिसते ती बहुधा यातलीच असते. आपल्या घरात तिचे चित्र आधीच आलेले आहे. तेव्हा तिची गोष्टही नीट माहीत असलेली बरी.

‘टँगल्ड’ हा डिस्नेचा पन्नासावा अ‍ॅनिमेशनपट. दिग्दर्शक नेथन ग्रेनो आणि बायरन हॉवर्ड, संगीत अ‍ॅलन मेंकन यांचे, लांबी सुमारे १०० मिनिटे. मूळ कथा जर्मनीतील ग्रिम बंधूंच्या संग्रहातील ‘रॅपन्झेल’ची. हा संग्रह पहिल्यांदा १८१२ मध्ये निघाला. विशेष म्हणजे त्या पहिल्या आवृत्तीतील याच गोष्टीत एक प्रसंग असा होता की जो मुलांसमोर मोठ्याने वाचायला आईबापांना संकोच वाटावा. पुढील आवृत्त्यांत ग्रिम बंधूंनी तो बदलला. म्हणजे परीकथा मुलांच्या हाती देण्यापूर्वी चाळून घ्यावी लागते ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी खुद्द परीकथा जमवणाऱ्यांनाही मान्य होती.

आता चित्रपटाची गोष्ट. सूर्यप्रकाशाच्या एका थेंबातून एक सोनेरी फूल उगवते. त्यात आजार बरे करण्याची आणि तारुण्य परत आणण्याची शक्ती असते. गॉथेल नावाची म्हातारी हे फूल लपवून ठेवते आणि त्याच्यापुढे गाणे म्हणून शेकडो वर्षे तरुण राहते. इकडे राणी बाळंतपणाच्या वेळी अत्यवस्थ होते. राजाचे लोक फूल शोधून आणतात, राणी बरी होते आणि फुलाची शक्ती जन्मलेल्या मुलीच्या केसांत उतरते. गॉथेल रात्री महालात शिरून केसांची एक बट कापून पाहते. पण कापताच बट तपकिरी होते, तिची शक्ती जाते. मग ती मुलीलाच उचलून नेते, जंगलातल्या उंच बुरुजात ठेवते आणि ‘मी तुझी आई’ म्हणून वाढवते. खरे आई-वडील दरवर्षी मुलीच्या वाढदिवसाला हजारो कंदील आकाशात सोडतात. अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मुकुट चोरून पळणारा फ्लिन रायडर नावाचा चोर बुरुजात येतो. ‘मला ते दिवे दाखव, तुझी पिशवी परत देते’, असा करार करून रॅपन्झेल प्रथमच बुरुजाखाली उतरते.

आपल्या घरांतून ज्या गोष्टींवर आधी बोट ठेवले जाते त्यांचा हिशोब प्रथम करू.

पहिली गोष्ट गाण्यांची. हा संगीतपट आहे. गाणी काढली तर कथेचे सांधेच निखळतात. वाद्यसंगीताबाबत आपल्या उलेमांत मतभेद आहेत आणि बहुसंख्य फकीहांचे मत कडक आहे, हे वाचकांना माहीत आहे. ज्या घरात संगीत ऐकले जात नाही त्या घराने हा चित्रपट दाखवू नये. गाण्यापुरता आवाज बंद करून तो दाखवता येणार नाही. कारण मुलीला घाबरवणारी गॉथेल आपली बाजू गाण्यातच मांडते.

दुसरी गोष्ट जादूची. इथे फुलापुढे गाणे म्हटले की शिफा मिळते आणि शेवटी मुलीच्या अश्रूने मेलेला माणूस जिवंत होतो. शिफा देणारा आणि जीवन-मृत्यूचा मालक फक्त अल्लाह आहे, हे आपल्या मुलाला पाचव्या-सहाव्या वर्षी पाठ असते. पण पाठ असणे आणि पडद्यावर पाहताना आठवणे यात अंतर आहे. ते मोठ्यांनीच बोलून भरून काढले पाहिजे. मात्र कल्पनेतले सगळेच आपल्या दीनमध्ये निषिद्ध आहे, असे समजण्याचे कारण नाही. हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांत पंखांचा एक घोडा होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नवलाने विचारले, घोड्याला पंख? त्यांनी उलट विचारले की हजरत सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही काय? त्यावर प्रेषित (स.) मनमुराद हसले. अबू दाऊदमधील ही हदीस आठवली की मुलांच्या कल्पनेकडे पाहण्याची आपली नजर थोडी मऊ होते. पंखांचा घोडा चालतो; पण शिफा देणारे फूल दाखवायचे तर सोबत खुलासा हवा.

तिसरी गोष्ट मुलगा-मुलगी. अठरा वर्षांची मुलगी अनोळखी तरुणाबरोबर दोन दिवस हिंडते, त्याच्या प्रेमात पडते आणि शेवटी चुंबनाचे एक दृश्य आहे. लग्न होते ते नंतर, एका वाक्यात उरकलेले. नायक चोर आहे आणि त्याचे चोरपण बराच वेळ गमतीचा विषय आहे. मद्यपींचा एक अड्डाही आहे. तिथले आडदांड गुंड गाणे म्हणत आपापली स्वप्ने सांगतात. त्यात एक झिंगलेला म्हातारा नुसता हसण्यासाठी ठेवला आहे. आपल्या मुलाने दारुड्याला पाहून हसायला शिकावे, असे आम्हाला वाटत नाही.

चौथी गोष्ट भीतीची. यात फाशीचा दोर दिसतो, पाणी भरत जाणाऱ्या गुहेत दोघे अडकतात, मुलीला साखळदंडाने बांधले जाते, फ्लिनच्या पाठीमागून येऊन त्याला खंजीर खुपसला जातो. त्यानंतर केस कापताच गॉथेल क्षणात जख्ख म्हातारी होते आणि बुरुजावरून कोसळून तिची राख होते. रक्त जवळजवळ दिसत नाही. पण लहान मूल रक्ताचा हिशोब करत नाही. ज्या चेहऱ्याला तासभर ‘आई’ म्हणताना ऐकले तो चेहरा डोळ्यांदेखत सुकून जातो, हे त्याला पुरेसे असते. ‘ते खरे नसते’ हे सांगणे चार वर्षांच्या मुलाला रात्री झोप यायला कामी येत नाही.

हा हिशोब मांडल्यावर अनेक पालक थांबतात. कोणी ‘इतके काही नाही’ म्हणून लावून देतात, तर कोणी ‘इतके आहे’ म्हणून बंद करतात. आम्हाला मात्र या चित्रपटातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा या चारही गोष्टींपलीकडचा वाटतो, तो म्हणजे आई.

या चित्रपटात ‘आई’ म्हणवणारी स्त्री खोटी आहे. ती मुलीला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. उलट तिच्यासाठी आवडीचे पदार्थ करते, केस विंचरते, आपले तुझ्यावर सर्वात जास्त प्रेम आहे असे रोज म्हणते. त्याच तोंडाने ती मुलीच्या दिसण्यावर टोमणे मारते, तिला भाबडी, वेंधळी ठरवते आणि लगेच ‘गंमत केली गं’ म्हणून हसते. बाहेर चोर आहेत, रोगराई आहे, तू तिथे एक दिवस टिकणार नाहीस, असे तिच्या मनावर बिंबवते. पुढे तर गॉथेल दोन गुंडांना स्वतःच हाताशी धरते, त्यांना मुलीवर सोडते आणि मग स्वतःच येऊन तिला ‘वाचवते’, म्हणजे बाहेरच्या जगाची भीती खरी ठरावी. तिचे प्रेम केसांवर आहे; मुका घेते तोही केसांचाच. मोठ्या माणसाला हे लगेच कळते. पाच वर्षांच्या मुलाला कळत नाही.

पाच वर्षांचे मूल यातून काय घेईल? आई ओरडते, आई बाहेर जाऊ देत नाही, म्हणून आई वाईट. आणि आईला न सांगता अनोळखी माणसाबरोबर गेले की मजा येते, दिवे दिसतात, घोडा मिळतो. चित्रपट हे सांगत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण त्या वयाचे मूल चित्रपटाचे सांगणे ऐकत नाही, दिसते ते घेते. ज्या वयात त्याला ‘अनोळखी माणसाने चॉकलेट दिले तर घेऊ नको’ हे शिकवायचे आहे, त्याच वयात ही गोष्ट दाखवणे म्हणजे आपणच बांधलेली गाठ सैल करणे. आई-वडिलांसमोर ‘उफ’ही न काढण्याची शिकवण देणाऱ्या घरात तर हे अधिक जपून करायला हवे.

मग मोठ्या मुलांनाही दाखवू नये काय? इथे आमचे मत वेगळे आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला, विशेषतः मुलीला, या गोष्टीत शिकण्यासारखे काही आहे. आणि ते शिकवायला घराघरांतून आपण कचरतो.

आई-वडिलांच्या आज्ञापालनाला आपल्याकडे फार वरचे स्थान आहे आणि ते असलेच पाहिजे. परंतु कुरआनने त्याची सीमाही सांगितली आहे. सूरह लुकमानमध्ये आईने सोसलेल्या कष्टांची आठवण देऊन लगेच पुढे सांगितले आहे की त्यांनी शिर्क करायला भाग पाडले तर ऐकू नका, पण जगात त्यांच्याशी चांगुलपणाने वागा. सूरह निसामध्ये न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध जात असली तरी देण्याचा आदेश आहे. म्हणजे आज्ञापालन चांगल्या कामात आहे, वाईटात नाही. आपण मुलांना पहिला भाग शिकवतो. दुसरा भाग ‘मोठे झाल्यावर कळेल’ म्हणून ठेवून देतो.

तो ठेवून देण्याची किंमत कधी कधी मूल मोजते. मुलांना त्रास देणारा माणूस पुष्कळदा अनोळखी नसतो. तो नात्यातला, ओळखीतला, घरी येणारा-जाणारा असतो, लाड करतो, खाऊ देतो आणि म्हणतो, ‘अम्मीला सांगू नको, तिला वाईट वाटेल.’ मुलाला एवढेच शिकवले असेल की मोठ्यांचे ऐकावे, तर ते ऐकते. पण ‘प्रेम करतो म्हणणारा प्रत्येकजण प्रेम करतोच असे नाही, जो भीती घालतो, गुपित ठेवायला सांगतो, त्याच्याबद्दल अम्मी-अब्बूंना सांगायचे, तो कोणीही असो’, हेही शिकवले असेल तर ते बोलते. गॉथेल हे या शिकवणीचे मुलांना कळेल असे उदाहरण आहे. (मुलांसाठीचा १०९८ हा मोफत मदत क्रमांकही दहा वर्षांच्या मुलाला पाठ असावा.)

खरी आई कोण, हे ओळखण्याची एक गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. बुखारी व मुस्लिम दोन्हींत ती आली आहे. दोन स्त्रियांपैकी एकीचे मूल लांडग्याने नेले. उरलेले मूल आपले, असा दोघींचा दावा. वाद हजरत दाऊद (अलै.) यांच्यापुढे गेला, निकाल वयाने मोठ्या स्त्रीच्या बाजूने लागला. मग दोघी हजरत सुलैमान (अलै.) यांच्याकडे आल्या. ते म्हणाले, सुरी आणा, मूल दोघींत वाटून देतो. लहान स्त्री कळवळून म्हणाली, असे करू नका, मूल तिचेच आहे. आणि सुलैमान (अलै.) यांनी मूल त्या लहान स्त्रीला दिले. जी मुलावरचा हक्क सोडायला तयार झाली, पण त्याला इजा होऊ द्यायला नाही, ती आई.

‘टँगल्ड’ पाहण्याआधी मुलांना ही गोष्ट सांगा. मग गॉथेलला ओळखायला त्यांना तुमची मदत लागणार नाही. चित्रपटात कंदील सोडण्यापूर्वीचे एक छोटे दृश्य आहे. राजाच्या डोळ्यांत पाणी येते, राणी ते हाताने पुसते. दोघे एक शब्द बोलत नाहीत. अठरा वर्षे दरसाल हे चालले आहे. ते दृश्य पाहताना आम्हाला हजरत याकूब (अलै.) आठवले. यूसुफ (अलै.) यांच्या वियोगात त्यांचे डोळे गेले, पण अल्लाहच्या रहमतीची आशा गेली नाही. परीकथेतला कंदील हा नबींच्या सब्रची बरोबरी करू शकत नाही. पण मुलाने विचारले की ‘त्यांनी शोधणे सोडून का दिले नाही?’, तर सूरह यूसुफची गोष्ट सांगायला याहून चांगला क्षण मिळणार नाही.

या चित्रपटात मोठ्यांसाठीही एक आरसा आहे. बुरुजाखाली उतरल्यावर रॅपन्झेल एका क्षणी आनंदाने गवतावर लोळते, दुसऱ्या क्षणी ‘मी किती वाईट मुलगी’ म्हणून रडते, पुन्हा नाचते, पुन्हा रडते. चित्रपटगृहात लोक इथे हसतात. आपल्या घरातल्या मुलींना यात हसू येईल की दुसरे काही, याचा विचार करावा. मुलीला जपणे हे आपले कर्तव्य आहे; बाहेरचे धोके खोटे नाहीत. पण शिबिराला जायचे म्हटले, स्पर्धेला जायचे म्हटले, तालुक्याच्या गावी कॉलेजात जायचे म्हटले की आपण तिला धोका समजावून सांगतो की नुसती भीती घालतो? ‘तुला जमणार नाही’ हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा बोलतो? गॉथेल भीती घालते ती स्वतःच्या फायद्यासाठी. आपण घालतो ती मायेपोटी. मुलीच्या कानावर मात्र दोन्ही वाक्ये सारखीच पडतात. माया तिला कळायची तर वाक्य बदलावे लागेल, सोबत जावे लागेल, वाट दाखवावी लागेल.

चांगल्या बाजूही नोंदवायला हव्यात. रॅपन्झेल दिलेला शब्द मोडत नाही आणि चित्रपट तिच्या या गुणाची थट्टा करत नाही. चोराला चोरी सोडावी लागते. शेवटी सोनेरी केस जातात, मुलीचे केस आखूड आणि तपकिरी होतात, तरी तिचे आई-वडील तिला ओळखून छातीशी धरतात. गोरेपणा आणि सोनेरी केसांच्या बाहुल्यांशी खेळणाऱ्या आपल्या सावळ्या मुलींना हा शेवट मुद्दाम दाखवावा.

आता निवाडा. अमेरिकेत या चित्रपटाला ‘पीजी’ श्रेणी आहे, म्हणजे आई-वडिलांनी मार्गदर्शन करावे. आपल्याकडेही २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षे असे गट केले आहेत. पण प्रमाणपत्र आपल्या घराची तरबियत ओळखत नाही. म्हणून आमचे मत असे:

सहा वर्षांखालील मुलांना हा चित्रपट दाखवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, तोही कमी तितका चांगला, असे सांगितले आहे. हा चित्रपट एका बैठकीतच ती मर्यादा ओलांडतो. या वयाला रॅपन्झेलची गोष्ट सांगायचीच असेल तर दादी-नानीने तोंडी सांगावी. खंजीर, फाशी, अड्डा गाळून गोष्ट मुळीच बिघडत नाही.

सहा ते आठ वर्षे : मोठ्यांपैकी एकाने शेजारी बसून, दोन दिवसांत विभागून. शेवटची वीस मिनिटे आपण आधी पाहून ठेवावीत. मूल घाबरट असेल तर हे वय निघून जाऊ द्यावे. काही बिघडत नाही.

नऊ वर्षे व पुढे : कुटुंबाने एकत्र बसून, अड्ड्याचे गाणे आणि चुंबनाचे दृश्य पुढे सरकवून पाहण्याजोगा. मोबाईल हातात देऊन एकट्याने पाहण्याचा मात्र नव्हे. धाकटी भावंडे दाराआडून पाहत नाहीत ना, हेही बघावे.

पाहून झाल्यावर चार प्रश्न विचारावेत, उपदेश करू नये. गॉथेल खोटी आहे हे तुला केव्हा कळले? रॅपन्झेलने बुरुज सोडण्याआधी कोणाला सांगता आले असते तर काय झाले असते? शिफा फुलाने दिली असे चित्रपट म्हणतो, तू काय म्हणशील? आणि आमच्या घरात अशी कोणती गोष्ट आहे, जी तुला आम्हाला सांगायची भीती वाटते?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कदाचित लगेच येणार नाही. मुले आधी आपला चेहरा पाहतात. चेहऱ्यावर राग दिसला नाही तर आठवड्याने, महिन्याने, झोपताना, स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून ती बोलू लागतात. त्या वेळी हातातले काम ठेवून ऐकावे. अल्लाह आपल्या मुलांना आपल्या डोळ्यांचा थंडावा बनवो आणि आपले घर त्यांच्यासाठी असे करो की जिथे यायला त्यांना आवडेल. आमीन.